पार्श्वभूमी : टावर यायच्या आधीपासून घटणारे शुक्राणू

लग्नाला चार-पाच वर्षं होऊनही पाळणा हलला नाही, की वऱ्हाडातल्या खेड्यात आजही आधी दवाखान्यात जाते ती सून. तिचे रिपोर्ट नॉर्मल निघाले तरच नवऱ्याचा नंबर लागतो. त्याच्या तपासणीत शुक्राणू कमी निघाले, तर बोट जातं गावाजवळच्या टावरकडे, नाहीतर पॅन्टच्या खिशातल्या मोबाइलकडे. टावरनं चिमण्या घालवल्या, मग हेही त्यानंच केलं असणार, असा हिशेब. तो अगदीच हवेतला नाही, पण त्यात बऱ्याच गोष्टी उलट्यासुलट्या झाल्या आहेत.

शुक्राणू घटताहेत ही बातमी मोबाइलच्याही आधीची. डेन्मार्कच्या एलिझाबेथ कार्लसेन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये जुने अभ्यास एकत्र मांडले. १९४० मध्ये मिलिलिटरमागे सरासरी ११.३ कोटी असलेले शुक्राणू १९९० पर्यंत ६.६ कोटींवर आल्याचं त्यात दिसलं. त्यांच्या पद्धतीवर पुढे बरीच भांडणं झाली. भारतात पहिला मोबाइल कॉल लागला तो मात्र ३१ जुलै १९९५ ला.

लहरींवरचा संशयही जुनाच. दुसऱ्या महायुद्धात रडार आलं आणि त्यानंतर १९४८ मध्येच अमेरिकेत उंदरांच्या अंडकोशांवर मायक्रोवेव्ह लहरी (रडार आणि मोबाइलच्याच जातीच्या) सोडून पाहिल्या गेल्या, इजा झाली. अंडकोश शरीरापेक्षा दोन-चार अंश थंड राहावे लागतात, त्यामुळे उष्णतेनं नुकसान होणं समजण्यासारखं होतं. पण मोबाइल तेवढं तापवत नाही, आणि क्ष-किरणांसारखी डीएनए थेट तोडायची ताकदही त्याच्या लहरींत नाही. मग इजा होईल तरी कशी? खरा वाद इथून सुरू होतो.

२००४ मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी मोबाइलचा वापर आणि शुक्राणूंची मंद हालचाल यांचा संबंध मांडला. २००८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या अशोक अगरवाल यांनी ३६१ पुरुष तपासले; जितकं बोलणं जास्त, तितकी संख्या आणि हालचाल कमी. पण हे सगळे वंध्यत्वाच्या दवाखान्यात आलेले पुरुष होते, आणि रोज किती तास बोलता हे त्यांनीच सांगितलेलं. पुढच्या वर्षी त्याच गटानं काढलेल्या वीर्याच्या नमुन्यापासून अडीच सेंटिमीटरवर चालू फोन तासभर ठेवला. पेशींना त्रास देणारे ऑक्सिजनचे रेणू वाढले, हालचाल मंदावली. इथं नमुना उघडा होता. माणसात मध्ये कातडी आणि मांस असतं. २०१४ मध्ये ब्रिटनच्या एक्सेटर विद्यापीठानं दहा अभ्यास एकत्र केले, तेव्हा हालचालीत सुमारे ८ टक्क्यांची घट निघाली. वर्तमानपत्रांनी ‘खिशातला मोबाइल’ उचलला तो मुख्यतः तेव्हा.

सगळ्यात मोठी माहिती २०२३ मध्ये आली. स्वित्झर्लंडमध्ये सैन्यभरतीच्या वेळी २००५ ते २०१८ दरम्यान तपासलेले १८ ते २२ वयाचे २,८८६ तरुण. दिवसात वीसपेक्षा जास्त वेळा फोन वापरणाऱ्यांत शुक्राणूंचं प्रमाण आठवड्यातून फार तर एकदा वापरणाऱ्यांपेक्षा कमी होतं. पण हा संबंध सुरुवातीच्या वर्षांत ठळक होता, पुढे विरत गेला. फोन खिशात ठेवण्याशी तर संबंध सापडलाच नाही. संशोधकांचा अंदाज असा की टू-जीचे फोन जोरात लहरी सोडत, नंतरचे कमी जोरावर भागवतात.

आपल्याकडची टावरची भीती उलटी पडते ती इथं. फोन रेंज बघून आपला जोर ठरवतो. टावर जवळ असला की तो हलक्यात काम करतो. मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात एक काडी रेंजवर त्याला ओरडावं लागतं. म्हणजे टावर हटवला तर खिशातल्या फोनची लहर वाढेल! शिवाय सप्टेंबर २०१२ मध्ये भारतात टावरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली गेली.

मला खटकतं ते वेगळंच. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन पराटीत, म्हणजे कपाशीत, फिरणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा बोलणं मृत्यूंचं झालं आणि ते साहजिकच होतं. पण शेतीतल्या रसायनानं पुरुष वांझ होऊ शकतो, हे १९७७ मध्येच कॅलिफोर्नियात सिद्ध झालंय. तिथल्या कारखान्यात डीबीसीपी हे जमिनीतल्या सूत्रकृमींवरचं औषध बनत होतं. आपल्यापैकी कोणालाच मूल होत नाही, हे कामगारांनी आपापसात बोलून ओळखलं, आणि मगच तपासण्या झाल्या. आपल्या कपाशीवरची औषधं ती नव्हेत. पण प्रश्न विचारायची रीत तीच लागते.

आणि खर्रा, म्हणजे चघळायची तंबाखू-सुपारी. २००५ मध्ये तंबाखू चघळणाऱ्या भारतीय पुरुषांचं वीर्य तपासलं गेलं. जितकं चघळणं जास्त, तितकी प्रत वाईट. त्या अभ्यासातही तेच अगरवाल होते. मोबाइलवालं त्यांचं नाव गाजलं, हे नाही गाजलं.

शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात. त्यामुळे दिवाळीत केलेल्या तपासणीत दिसतात ते ऑगस्ट-सप्टेंबरच्या फवारणीत घडलेले, आणि जूनच्या तपासणीत दिसतात ते एप्रिल-मेच्या उन्हातले.