रेशीमकीटकांचे परजीवी रोग

तुतीच्या पाल्यावर वाढणाऱ्या रेशीमकीटकांना परजीवींमुळे होणारे आजार व त्यांचा बंदोबस्त. मुंबईत रेशीम पाहायला मिळते ते दादरच्या साड्यांच्या दुकानांत किंवा मंगळदास मार्केटात, तयार कापड होऊनच. त्या धाग्याचा कस मात्र जालना-बीडकडच्या, अळ्या वाढवण्याच्या संगोपनगृहांत ठरतो. तिथे मुख्य शत्रू दोन : पेब्रिन रोग आणि उझी माशी.

पेब्रिन हा नोसेमा बॉम्बिसिस या सूक्ष्मजीवाचा रोग. १८५७ मध्ये स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांनी या जीवाला नाव दिले. आजारी अळीच्या अंगावर मिरपूड भुरभुरल्यासारखे ठिपके दिसतात. रोगाचे नावही दक्षिण फ्रान्सच्या बोलीतल्या मिरीवरूनच आले. दूषित पाल्यातून तो पसरतोच, शिवाय मादी पतंगाकडून थेट अंड्यांत उतरतो. म्हणून अळी आजारी दिसल्यावर औषध शोधण्यात अर्थ नसतो. १८६५ पासून दक्षिण फ्रान्समधल्या आलेस येथे काम करताना लुई पाश्चर यांनी यावर तोडगा काढला : अंडी घातलेली मादी वाटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, रोगाचे बीजाणू आढळले तर तिचे सगळे अंडीपुंज नष्ट करायचे. दीडशे वर्षांनंतरही रेशीमकीटकांची अंडी पुरवणाऱ्या बीजोत्पादन केंद्रांचा भरवसा याच तपासणीवर आहे. संगोपनगृह ब्लीचिंग पावडर व चुन्याने निर्जंतुक करणे ही त्याची जोड.

उझी माशीचा बंगालमध्ये जुना वावर. कर्नाटकात ती १९८० च्या सुमारास शिरली. ती अळीच्या अंगावर अंडे चिकटवते. दोन-तीन दिवसांत त्यातून निघालेला किडा कातडी भेदून आत जातो; त्या जागी काळा डाग उरतो. लहान वयात गाठलेली अळी कोष न विणताच मरते. शेवटच्या अवस्थेत गाठलेली कोष विणते, पण किडा तो पोखरून बाहेर पडतो आणि जमिनीच्या भेगेत शिरून कोशावस्थेत जातो. कीटकनाशक मारावे तर रेशीमकीटकही कीटकच! त्यामुळे दारे-खिडक्यांना नायलॉनची जाळी, बुजवलेल्या भेगा, वेचून मारलेले किडे हीच मुख्य हत्यारे. उझीच्या कोशात स्वतःची अंडी घालणारा नेसोलिंक्स थायमस हा बारीक परजीवी कीटकही मुद्दाम सोडतात.

भोक पडलेल्या कोषातून सलग धागा उकलत नाही. तो तुटत राहतो. असे कोष कवडीमोलाने जातात व त्यांचे तंतू पिंजून, कातून सूत होते. पृष्ठभाग किंचित खरखरीत असलेले कातीव रेशीम बाजारात दिसते ते अशाच टाकाऊ मालातून आलेले असू शकते.