बॅटरीवरचं विमान घ्यायचंय? आधी हा हिशेब बघा
(हौशी वैमानिक ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमचं रोजचं काम ई-रिक्षा, सोलर आणि मॉडेल विमानांच्या लिथियम बॅटऱ्या बांधण्याचं. पण ९ जून २०२५ पासून सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याचं विमान उडायला लागलं आणि दुकानात एक नवाच प्रश्न यायला लागला: "मालक, दोन सीटचं बॅटरीवरचं विमान कितीला पडतं?" विचारणाऱ्यांत बारामतीला जाऊन लायसन्स काढलेले आहेत, तसे नुसते हौशीही. काउंटरवर प्रत्येकाला तेच सांगत बसण्यापेक्षा हे पत्रक छापलं. विमान आम्ही विकत नाही, त्यामुळे यात कुणाचं कमिशन नाही.

आज मिळतं काय?

नाव घेण्यासारखं विमान म्हणजे स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीचं 'वेलिस इलेक्ट्रो'. पूर्ण इलेक्ट्रिक विमानाला युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने टाइप सर्टिफिकेट (त्या बनावटीचं विमान उडायला सुरक्षित असल्याचा दाखला) दिलं ते पहिल्यांदा यालाच, जून २०२० मध्ये. मोटर ५७.६ किलोवॉटची. बॅटऱ्या दोन, एक नाकात आणि एक केबिनच्या मागे. हवेत राहण्याचा वेळ ५० मिनिटांपर्यंत, राखीव वेळ वेगळा. परदेशातलं सर्टिफिकेट भारतात आपोआप चालत नाही, डीजीसीएची (केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मान्यता लागते, हे आधीच ध्यानात ठेवा.

आता वजन बघा. बॅटऱ्यांसकट रिकामं विमान ४२८ किलो आणि कमाल मर्यादा ६०० किलो. उरले १७२. म्हणजे ८६-८६ किलोचे दोघं बसले की संपलं, चादरीची घडीसुद्धा मागे टाकता येत नाही. पेट्रोलच्या विमानात एक माणूस जाड असेल तर तेल कमी भरून भागवता येतं. इथे बॅटरी अर्धी चार्ज केली तरी वजन तेवढंच, आणि उतरतानाही तेवढंच.

याचं कारण साधं आहे. एक किलो पेट्रोलमध्ये साधारण १२ युनिट ऊर्जा असते, तर विमानाच्या बॅटरी पॅकमध्ये किलोमागे पाव युनिटसुद्धा नसते. मोटर ९० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कामी लावते, इंजिन जेमतेम २५-३० टक्के. हे धरूनही वीसेक पटींचा फरक उरतो.

सोलापूरहून कुठवर जाता येईल?

वेग ताशी १६५ किलोमीटर धरा. तुळजापूर किंवा अक्कलकोटवरून एक चक्कर मारून होटगी रोडला परत येणं निवांत जमतं. धाराशिवची धावपट्टी हवाई अंतराने सत्तरेक किलोमीटर, जायला २६ मिनिटं. जाऊन-येऊन ५२ मिनिटं होतात, म्हणजे तिथे चार्ज केल्याशिवाय परतीचा विचारच नको. बारामती दीडशे किलोमीटरच्या थोडी पुढे. सरळ गेलात तरी ५० मिनिटांत बसत नाही, आणि समोरून वारा असेल तर बोलायलाच नको. बॅटरीवरचं विमान गावाला जायचं साधन नाही, आपल्याच धावपट्टीभोवती उडण्याचं आहे. ज्यांना हे पटतं त्यांनीच पुढचं वाचावं.

पैशांचं खरं गणित

जाहिरातीत वीज दाखवतात. तासाभराच्या उड्डाणाला वीसेक युनिट, म्हणजे बारा रुपये दराने अडीचशे रुपयांच्या आत. त्याच आकाराच्या पेट्रोल विमानाचं रोटॅक्स इंजिन तासाला १५ लिटरच्या पुढे पितं, दीड हजार तिथेच गेले. इथवर ऐकून माणूस खूश होतो.

मग बॅटरीचा विषय येतो. बॅटरी म्हणजे पुढच्या शेकडो तासांचं इंधन, ते पैसे आधीच मोजलेले असतात. उदाहरणापुरतं धरू की बॅटऱ्यांचा जोड २० लाखांना आणि तो ५०० तास चालला. तासाला ४,००० रुपये. तेवढ्याच किमतीचं रोटॅक्स इंजिन दुरुस्तीला काढायच्या आधी २,००० तास चालतं, तासाला १,०००. इंधन धरून बेरीज करा: बॅटरीवर सव्वाचार हजार, पेट्रोलवर अडीच-पावणेतीन.

हौशी माणसाला यात आणखी एक चिमटा बसतो. फ्लाइंग स्कूल रोज उडवतं, त्याचे ५०० तास वर्ष-दीड वर्षात वसूल होतात. तुम्ही रविवारचे रविवार उडणार, वर्षाला ४०-५० तास. बॅटरी मात्र उभ्या उभ्याही म्हातारी होते. पूर्ण चार्ज करून मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली तर फारच लवकर. ई-रिक्षाचे पॅक उघडताना आम्हाला हे कायम दिसतं: सेल फुगलेले, आणि किलोमीटर बघावेत तर फारसे झालेलेच नाहीत.

खरेदीचं म्हणाल तर वेलिसची किंमत पावणेदोन लाख युरो आणि पुढे. युरो शंभराला धरला तर पावणेदोन कोटी. खासगी वापराच्या विमानावर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, म्हणजे अडीच कोटींच्या घरात, कस्टम आणि वाहतूक वेगळी. इलेक्ट्रिक स्कूटरला ५ टक्के लागतो म्हणून विमानालाही तेवढाच, असं धरून चालू नका.

आपलं ऊन

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ४२ अंशांत होटगी रोडची हवा पाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. पेट्रोल इंजिनाचा दम त्यात कमी होतो, मोटरचा होत नाही. पुढचा पंखा (प्रोपेलर) आणि पंख यांना मात्र विरळ हवा दोघांकडेही तितकीच नडते. आवाज आणि थरथर खूपच कमी, हे सुख खरंच आहे. फक्त उतरल्यावर गरम बॅटरी लगेच चार्जला लावता येत नाही, आधी निवू द्यावी लागते. उन्हाळ्यात पहाटे एक फेरी झाली की दुसरी संध्याकाळी, असंच धरा.

आमचं मत

एकट्याने घेऊ नका. सात-आठ जणांनी मिळून घेतलं, तास भरपूर झाले, तर विचार करण्यासारखं आहे. शिकायला आणि टेकऑफ-लँडिंगच्या सरावाला हे विमान झकास. ज्यांना शांत उडण्याचीच ओढ आहे त्यांनी इलेक्ट्रिक मोटरचे ग्लायडर बघावेत. युरोपात ते वीसेक वर्षं चालू आहेत, कारण तिथे मोटर फक्त वर चढेपर्यंत लागते, पुढचं काम उष्ण हवेचे झोत करतात. आणि घाई नसेल तर बंगळूरच्या एनएएल या सरकारी विमान संशोधन संस्थेच्या 'ई-हंसा' या दोन सीटच्या इलेक्ट्रिक विमानावर लक्ष ठेवा. ते सुमारे दोन कोटींना पडेल असं केंद्रीय विज्ञानमंत्र्यांनी मे २०२५ मध्ये सांगितलं होतं.

आम्ही काय करून देतो: तुमच्या तासांवरून खर्चाचा तक्ता, चार्जरसाठी थ्री-फेज लोडचा अंदाज, शेडवर सोलरचा हिशेब. विमानाची सर्टिफाइड बॅटरी आम्ही उघडत नाही आणि इतर कुणाला उघडू देऊ नका, ते काम मान्यताप्राप्त माणसाचंच. येताना बरोबर उडणाऱ्या दोघांची वजनं (कपड्यांसकट, खरी), वर्षाला किती तास उडणार तो आकडा आणि शेडचं शेवटचं लाइट बिल आणा. हिशेबाचे पैसे घेत नाही.