मत्स्यालयातील माशांचा जंतरोग

मत्स्यालयातील माशांचा जंतरोग : काचेच्या टाकीत पाळलेल्या शोभिवंत माशांच्या आतड्यात, कल्ल्यांवर किंवा त्वचेवर वाढणाऱ्या परजीवींमुळे होणारा विकार. पोट खपाटीला जाणे, डोक्यामागची पाठ धारदार दिसणे आणि रंग फिका पडणे ही त्याची परिचित लक्षणे. सातारा-सांगली भागात या रोगावरची औषधे गावोगावी मिळतात. अडते ते निदानापाशी. शेळ्या-मेंढ्यांचे जंतनाशक, द्राक्षबागेतला मोरचूद, घरातली हळद आणि मीठ हे सगळे हाताशी असल्यामुळे औषध आधी पडते आणि मासा का वाळला याची चौकशी मागाहून होते.

वाळलेला मासा जंतांचाच असतो असे नाही. टाकीतला दांडगा मासा त्याला खाद्यापर्यंत पोचू देत नसेल, डबा उघडून वर्ष झालेल्या खाद्यातली जीवनसत्त्वे संपली असतील, थंडीत हीटरशिवाय पाणी गार पडून पचन मंदावले असेल किंवा मासा नुसता म्हातारा झाला असेल. गप्पीसारखे मासे दोन-तीन वर्षांत आयुष्य संपवतात आणि शेवटी वाळतातच. म्हणून पहिली तपासणी खाद्य टाकताना करायची. सगळ्यांबरोबर झडप घालून खाणारा आणि तरीही दिवसेंदिवस वाळणारा मासा जंतांच्या संशयाला पात्र ठरतो. खाद्य तोंडात घेऊन थुंकणाऱ्या किंवा कोपऱ्यात डोके खाली करून उभ्या राहणाऱ्या माशात रोग पुढे गेलेला असतो, किंवा कारण वेगळेच असते. मासा समोरून पाहण्यापेक्षा वरून पाहावा. निरोगी माशाची कुशी डोक्यामागे भरलेली दिसते, रोगट माशाची तिथेच आत गेलेली असते.

दुसरी तपासणी विष्ठेची, आणि सगळ्यात जास्त माहिती तीच देते. निरोगी विष्ठा खाद्याच्या रंगाची, आखूड आणि लवकर तुटून पडणारी असते. पांढरी, पारदर्शक, लांबच लांब लोंबणारी विष्ठा म्हणजे आतड्यातला चिकट स्राव. तो जंतांमुळे येतो, तसा उपाशी माशालाही येतो. एकदा दिसली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मासा नीट खात असूनही ती सतत दिसत राहिली तर दखल घ्यावी.

गप्पी, मॉली, प्लॅटी आणि अँजेल या माशांत नजरेला दिसणारा जंत म्हणजे कॅमेलॅनस कॉटी हा गोलकृमी. पूर्व आशियातला हा जंत १९२७ मध्ये जपानमधून प्रथम वर्णिला गेला आणि पुढे शोभिवंत माशांच्या व्यापाराबरोबर जगभर पसरला. मासा स्थिर उभा असला की त्याच्या गुदद्वारातून तांबड्या दोऱ्याची तीन-चार टोके बाहेर आलेली दिसतात. मासा हलला की ती झटकन आत जातात. त्यामुळे टाकीसमोर दहा मिनिटे न हलता बसल्याशिवाय हा जंत सापडत नाही. तो आतड्याच्या भिंतीला पकडून रक्त पितो, म्हणून तांबडा दिसतो आणि म्हणूनच मासा फिका पडतो. कल्ल्याचे झाकण उघडते तेव्हा आतला लालभडक रंग जाऊन फिकट गुलाबी दिसला तर रक्त कमी झाले असे समजावे. मात्र कल्ल्यांवरच्या चपट्या कृमींमुळेही कल्ले फिके आणि चिकट होतात. अशा वेळी मासा धापा टाकतो, दगडाला अंग घासतो.

कॅमेलॅनसची मादी अंडी न घालता जिवंत अळ्या सोडते. तळावर वळवळणाऱ्या या अळ्या सायक्लॉप्स नावाचा सूक्ष्म कवचधारी प्राणी गिळतो आणि त्याला खाणाऱ्या माशाला लागण होते. एकेकाळी पायविहिरींच्या पाण्यातून माणसांत नारू पसरायचा तोही सायक्लॉप्समधूनच. भारत २००० मध्ये नारूमुक्त जाहीर झाला, पण सायक्लॉप्स अजूनही बहुतेक तळ्यांत आहे. कॅमेलॅनसचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की बंद टाकीत सायक्लॉप्स नसला तरी अळ्या थेट माशाकडून माशाकडे जाऊ शकतात. एक रोगी गप्पी पुरतो.

ऑस्कर, डिस्कस, अँजेल आणि दुकानांच्या गल्ल्याशेजारी मोठ्या हौसेने ठेवला जाणारा फ्लॉवरहॉर्न या माशांत वेगळा परजीवी जास्त आढळतो : स्पायरोन्युक्लियस, ज्याला मत्स्यपालक हेक्झामिटा म्हणतात. हा एकपेशीय, शेपटीसारख्या तंतूंनी पोहणारा जीव डोळ्यांना दिसत नाही. मासा खाणे सोडतो, काळपट किंवा फिका होतो, पांढरी विष्ठा लोंबते आणि कधी डोक्यावर बारीक खड्डे पडतात. नेहमीचे जंतनाशक यावर चालत नाही, त्यामुळे कृमी की एकपेशीय याचा निवाडा आधी करावा लागतो.

हा निवाडा सूक्ष्मदर्शक करतो. नुकतीच पडलेली विष्ठा ड्रॉपरने उचलून टाकीतल्याच पाण्याच्या थेंबासह काचपट्टीवर ठेवून वर पातळ काच ठेवावी. शंभरपट मोठे करून पाहिल्यास कृमींची अंडी दिसतात; कॅपिलेरिया या कृमीचे अंडे पिंपाच्या आकाराचे आणि दोन्ही टोकांना बूच बसवल्यासारखे असते. चारशेपटीला वळवळत धावणारे एकपेशीय जीव दिसतात. विष्ठा शिळी झाली की ते मरतात आणि तपासणी फुकट जाते. मेलेला मासा दाखवायचा तर बर्फात ठेवून तासा-दोन तासांत न्यावा. फ्रीझरमध्ये गोठवलेला निरुपयोगी ठरतो. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याखेरीज मासा हा रुग्ण नवा असला तरी विष्ठेतली अंडी ओळखणे कोणत्याही पशुवैद्याच्या शिक्षणाचा भाग असते, आणि प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या महाविद्यालयांत सूक्ष्मदर्शक असतोच.

कृमींवर लेव्हॅमिसॉल हे औषध गुणकारी आहे. माडग्याळी मेंढ्यांच्या जत तालुक्यात किंवा शेळ्या-मेंढ्यांचा मोठा बाजार भरणाऱ्या आटपाडीत ते पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानात सहज मिळते, ‘किती जनावरं?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे ते ज्याने त्याने ठरवावे. टाकीसाठी मात्रा लिटरला २ मिलिग्रॅम. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे ५६ लिटर पाणी मावते. खडी आणि वरची मोकळी जागा वजा करता ५० धरावे, म्हणजे १०० मिलिग्रॅम औषध लागले. बाटलीवर ७.५ टक्के लिहिले असेल तर १ मिलिलिटरमध्ये ७५ मिलिग्रॅम असते, म्हणून सुमारे १.३ मिलिलिटर पुरे. ते सिरिंजनेच मोजावे. मेंढीच्या हिशोबाने बुचभर ओतल्यास मासे जातात. फिल्टरमधला कोळसा काढावा, हवेचा पंप चालू ठेवावा आणि उजेडात औषध विघटित होत असल्याने दिवा बंद ठेवून टाकी झाकावी. लेव्हॅमिसॉल जंताला लुळा करते आणि मासा त्याला बाहेर टाकतो. पडलेला जंत आणि अळ्या तळाशीच राहतात. म्हणून २४ तासांनी सायफनने तळ खरवडून गाळ काढणे आणि निम्मे पाणी बदलणे हा उपचाराचाच भाग आहे. दोन ते तीन आठवड्यांनी हेच सगळे पुन्हा करावे लागते.

पट्टकृमी आणि कल्ल्यांवरचे चपटे कृमी यांना प्राझिक्वांटेल, तेही लिटरला २ मिलिग्रॅम. फेनबेंडाझोल खाद्यात मिसळून देतात, अर्थात मासा खात असेल तरच. हेक्झामिटावर मेट्रोनिडाझोल : लिटरला सुमारे ६ ते ७ मिलिग्रॅम, रोज एकदा, पाच दिवस. ही माणसांच्या जुलाबावरची गोळी असून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नसते. ती पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून कुटून कोमट पाण्यात ढवळावी लागते.

मोरचुदाबद्दल सविस्तर सांगणे भाग आहे, कारण तासगाव-मिरजेच्या द्राक्ष बागायतदारांकडे बोर्डो मिश्रणासाठी तो घरातच असतो. बाह्य परजीवींवर तो चालतो. आतड्यातल्या जंताला काहीही करत नाही. त्याची मात्रा पाण्याच्या क्षारतेवर (अल्कलिनिटी, लिटरला मिलिग्रॅममध्ये; खारेपणा नव्हे) ठरते : क्षारतेच्या आकड्याला १०० ने भागले की लिटरला किती मिलिग्रॅम ते कळते, आणि क्षारता ५० च्या खाली असेल तर तो वापरायचाच नाही. जत किंवा माणमधल्या जड बोअरच्या पाण्यात जी मात्रा मासा सोसतो तीच पावसाच्या मृदू पाण्यात त्याला मारते. क्षारता १०० असलेल्या ५० लिटर टाकीला सारे मिळून ५० मिलिग्रॅम लागतात. घरगुती काट्यावर एवढे वजन येत नाही आणि चिमटीत त्याहून कितीतरी जास्त बसते. गोगलगायी आणि झिंगे तर हमखास मरतात.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी टाकीत टाकलेली हळद जंत पाडत नाही. पूड तळाशी कुजते आणि पाणी बिघडते. साध्या मिठाचा लिटरला १ ते ३ ग्रॅम असा वापर त्वचेवरच्या परजीवींपुरता उपयोगी.

काही दुखण्यांना उपाय नाही. निऑन टेट्राचा रंगीत पट्टा मध्येच फिका पडून मासा वाळत असेल तर तो बहुधा प्लेइस्टोफोरा या स्नायूंत वाढणाऱ्या सूक्ष्म परजीवीचा रोग. अशा माशाला वेगळे करावे. पाठीचा कणा वाकणे, फोड आणि वाळणे एकत्र दिसले तर माशांच्या क्षयाचा संशय घ्यावा. त्याचे मायकोबॅक्टेरियम मरिनम हे जिवाणू माणसाच्या हातावरच्या जखमेतून शिरून चिवट गाठी करतात, म्हणून कापलेल्या बोटाने टाकीत हात घालू नये.

लागण बहुतेक वेळा नव्या माशाबरोबर किंवा जिवंत खाद्याबरोबर येते. गटारांच्या गाळातून काढलेले ट्युबिफेक्स हे बारीक तांबडे किडे त्यात सगळ्यात वाईट. डासांसाठी हौदात, विहिरीत सोडलेले गप्पी फुकट मिळतात म्हणून थेट टाकीत टाकण्याची सवयही महागात पडते. नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टबात, वेगळ्या जाळीसह ठेवावा. रोगी टाकीचे पाणी ओढ्यात किंवा कृष्णेत न सोडता कोरड्या मातीत ओतावे, मेलेले मासे पुरावेत.