इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर

डायोड, ट्रान्झिस्टर, आयसी (एकाच चिपवर बसवलेलं अख्खं सर्किट) वगैरे वापरून सर्किट डिझाइन करणारा, ते बोर्डवर आणून चालू करणारा आणि टेस्टिंगमधून पार पाडणारा इंजिनिअर. इलेक्ट्रिकल इंजिनिअरशी याची गल्लत कायम होते. ढोबळ फरक सांगायचा तर इलेक्ट्रिकलवाला वीज तयार करणं, वाहून नेणं, मोटर फिरवणं बघतो आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला त्या विजेवर स्वार झालेल्या सिग्नलमध्ये रस असतो. पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये, म्हणजे मोठी वीजच ट्रान्झिस्टरसारख्या भागांनी हाताळतात तिथे, ही सीमा पुसट होते, तिथे फार ताणण्यात अर्थ नाही.

हा पेशा नेमका कधी सुरू झाला यावर एकमत नाही. काहीजण थेट १८९७ पर्यंत मागे जातात, जे. जे. थॉमसन यांच्या इलेक्ट्रॉनच्या शोधापर्यंत, पण ते निव्वळ भौतिकशास्त्र झालं. जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांचा दोन इलेक्ट्रोडचा व्हॉल्व्ह (हवा काढून घेतलेली काचेची नळी) १९०४ चा, त्याने रेडिओ सिग्नल पकडता यायचा पण मोठा करता येत नव्हता. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ च्या सुमारास त्यात तिसरा इलेक्ट्रोड म्हणजे ग्रिड घातला, तो ऑडिअन, आणि ॲम्प्लिफायरची, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या सर्किटची वाट इथून मोकळी झाली, म्हणून सुरुवात इथूनच धरणं जास्त पटतं. गंमत म्हणजे ऑडिअन कसा चालतो हे खुद्द डी फॉरेस्टनाच नीट कळलं नव्हतं, आतला उरलासुरला गॅस गरजेचा आहे असं ते धरून चालले होते. नीट मोजमापं घेऊन खुलासा केला एडविन आर्मस्ट्राँग यांनी, आणि आउटपुटचा थोडा भाग परत इनपुटला देऊन सिग्नल कितीतरी पटीने वाढवणारं रिजनरेटिव्ह सर्किटही त्यांनी १९१२ मध्ये जमवलं. त्यावरून दोघांचं पेटंटचं भांडण वर्षानुवर्षं चाललं आणि १९३४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने डी फॉरेस्ट यांच्या बाजूने निकाल दिला. आर्मस्ट्राँग मग रेडिओ इंजिनिअरांच्या संस्थेने दिलेलं पदक परत करायला गेले तर संस्थेने ते घेतलंच नाही, यावरून जाणकारांचा कल कुठे होता ते समजतं. ही संस्था १९१२ ची, आणि ती १९६३ मध्ये इलेक्ट्रिकलवाल्यांच्या १८८४ च्या संस्थेत मिसळून आयईईई ही आजची इंजिनिअरांची संस्था झाली. पुढचा टप्पा बेल लॅब्स या अमेरिकन संशोधन प्रयोगशाळेचा १९४७ चा ट्रान्झिस्टर, तो सगळ्यांना माहीतच आहे. मात्र ज्युलियस लिलिएनफेल्ड यांनी फील्ड इफेक्टच्या (विद्युत क्षेत्राने करंट आवरायच्या) ट्रान्झिस्टरसारख्याच कल्पनेवर १९२५ मध्येच पेटंटचा अर्ज केला होता हे सहसा सांगितलं जात नाही.

काम: स्पेसिफिकेशन, स्किमॅटिक (सर्किटचा नकाशा), सिम्युलेशन, पीसीबी म्हणजे छापील सर्किट बोर्डचा लेआउट, मग बोर्ड आला की ब्रिंग-अप (तो पहिल्यांदा चालू करून बघणं) आणि शेवटी ईएमसी टेस्ट (इतर उपकरणांना त्रास देत नाही ना आणि त्यांचा त्रास सोसतो ना, याची). यात डोकं खातात त्या बारीक गोष्टी. उदाहरणार्थ डिजिटल आयसीच्या प्रत्येक पॉवर पिनजवळ बहुतेक वेळा १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर टाकतात, कारण स्विचिंगच्या क्षणी चिपला करंट नॅनोसेकंदांत हवा असतो आणि सप्लायपासून येणाऱ्या ट्रॅकचा इंडक्टन्स तो तेवढ्या पटकन येऊ देत नाही, मग पिनवरचं व्होल्टेज क्षणभर खाली येतं आणि चिप मधूनच वेड्यासारखी वागते. कपॅसिटर लांब ठेवला तर ठेवून न ठेवल्यासारखाच. शिवाय छोट्या साइजच्या, जास्त व्हॅल्यूच्या सिरॅमिक कपॅसिटरची खरी कपॅसिटन्स डीसी व्होल्टेज लागल्यावर निम्म्याखालीही जाऊ शकते, डेटाशीटमधला तो ग्राफ न बघता डिझाइन केलं की पुढे रडायची वेळ येते.

इंजिनिअर व्हायला नेहमीचा रस्ता डिग्रीचा, बहुतेक देशांत तीन ते चार वर्षं. काहीजण आधी डिप्लोमा करून मग डिग्रीला जातात. गणित सुटत नाही, फूरिये आणि लाप्लास या गणिती पद्धती समजल्याशिवाय फिल्टर आणि कंट्रोल लूप डोक्यात शिरत नाहीत. त्यासोबत ॲनालॉग, डिजिटल, सिग्नल्स, इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स, आणि आता सी लँग्वेज तर लागतेच, चिप किंवा एफपीजीएकडे (आतलं सर्किट नंतर ठरवता येणारी चिप) जायचं असेल तर व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएल या सर्किट लिहायच्या भाषा. डिग्रीच्या वेगवेगळ्या देशांतल्या मान्यतेसाठी १९८९ चा वॉशिंग्टन करार आहे.

मोजायची सवय मात्र स्वतःच लावून घ्यावी लागते. ऑसिलोस्कोपच्या (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) प्रोबची ग्राउंड वायर लांब असली तर सर्किटमध्ये नसलेलं रिंगिंग, म्हणजे सिग्नलची थरथर, स्क्रीनवर दिसतं आणि माणूस दिवसभर त्याच्या मागे लागतो. साध्या बेंच स्कोपची ग्राउंड क्लिप आतून अर्थला जोडलेली असते, ती मेन्सवर चालणाऱ्या, आयसोलेशन (मेन्सपासून विजेचा थेट संबंध तोडणं) नसलेल्या सर्किटला लावली की थेट शॉर्ट.