खुर्दा म्हणजे कोण?

"दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही." पानिपतच्या बातमीचं हे वाक्य मराठी घरात वेगळं शिकवावं लागत नाही. ग्वाल्हेरला लष्कर भागात आमच्या घरी रविवारी सकाळी नववी-दहावीची सात-आठ मुलं जुने कागद वाचायला जमतात. त्यांना मी हे एवढंच वाक्य लिहून दिलं. अर्ध्या मिनिटात माना वर झाल्या. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे सैन्य. झालं वाचून.

मी विचारलं, "हे कुणी कुणाला लिहिलंय?" सगळे गप्प.

यात मुलांच्या हुशारीला बोल लावण्यासारखं काही नाही. सॅम वाइनबर्ग या अमेरिकन संशोधकाचा १९९१ सालचा एक अभ्यास हेच दाखवतो. त्यानं ८ इतिहासकार आणि ८ हुशार शाळकरी मुलांना अमेरिकन क्रांतीतल्या, १७७५ च्या लेक्सिंग्टनच्या चकमकीबद्दलचे कागद वाचायला दिले. अट एकच होती: वाचताना मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं. मुलं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सरळ वाचत गेली. इतिहासकारांची नजर मजकुराआधी लिहिणाऱ्याच्या नावाकडे आणि तारखेकडे जायची. हा कोण, तिथे होता का, किती दिवसांनी लिहितोय, हे ठरवून मगच ते मजकुराकडे वळत. एक कागद वाचताना मागच्या कागदाशी तो जुळतो का, हेही तपासत. गंमत म्हणजे त्यांतल्या काहींचा अमेरिकन क्रांती हा विषयच नव्हता, तरीही हा फरक पडला. मुलांना सगळ्या कागदांत भरवशाचा वाटला तो पाठ्यपुस्तकातला उतारा. इतिहासकारांनी नेमका तोच खाली ढकलला. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. इतिहासकाराकडे माहिती जास्त असते हे आहेच, पण त्याचं वाचणंच वेगळं असतं, आणि वाचण्याची रीत शिकवता येते.

आम्ही आमच्या वाक्याकडे परत गेलो. जेम्स ग्रँट डफच्या १८२६ साली छापलेल्या इंग्रजी इतिहासात हा प्रसंग आहे. सावकारांचा एक कासीद, म्हणजे पत्रं पोचवणारा जासूद, पानिपताहून निघून नवव्या दिवशी औरंगाबादला पोचण्याच्या बोलीवर चालला होता. नर्मदेपाशी नानासाहेब पेशव्यांच्या फौजेशी त्याची गाठ पडली आणि त्याच्याजवळचं पत्र पेशव्यांनी उघडून वाचलं. म्हणजे जी ओळ आपण पेशव्यांना आलेली बातमी म्हणून पाठ करतो, ती पेशव्यांना लिहिलेलीच नव्हती!

एवढं कळल्यावर मुलं सुटलीच. पत्र सावकाराचं, म्हणून मोती-मोहरांची भाषा. वाटेत कुणी फोडलं तर पेढीचा तोटा झालाय असंच वाटेल. पण सावकाराला लपवायची काय गरज? एक मुलगा म्हणाला, "पेशव्यांना कर्ज दिलं असेल तर?" त्याचे वडील सराफ्यात बसतात, पत कशी जाते हे त्यानं घरात ऐकलेलं असणार. मग दुसरीनं बोट ठेवलं: लढाई १७६१ ची, छापलं १८२६ साली, तेही इंग्रजीत. मधली ६५ वर्षं ही ओळ कुठे होती? आणि तिच्या आजीच्या तोंडी 'हरवल्या' नसून 'गेल्या' आहे, ते कसं काय?

जुना मजकूर जड का जातो, याचं एक कारण मेंदूच्या रचनेत आहे. वाचताना डोळे ओळीवरून सरकत नाहीत, उड्या मारतात; प्रत्येक थांब्यावर साधारण पाव सेकंद टेकतात आणि अवघड जागी मागे फिरतात. त्या क्षणी मनात धरून ठेवायची जागाही फार थोडी. नेल्सन कोवान या मानसशास्त्रज्ञाच्या २००१ सालच्या मांडणीनुसार एका वेळी सुमारे चारच गोष्टी तिथे मावतात. आता पेशवाईतल्या कागदावरचं साल बघा: 'इहिदे सितैन मया व अलफ'. अरबीत एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन या त्या काळच्या कालगणनेतलं ११६१, इसवी सनाचं १७६०-६१, पानिपतचं वर्ष. चारही जागा सालातच संपल्या, मजकुराला उरलं काय? म्हणून मी साल सोडवून समासात लिहून देते. मोडीत शब्द सुटे पाडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, म्हणून देवनागरीत उतरवताना शब्द तोडून, विरामचिन्हं घालून देते. मूळ कागदाची छायाप्रत मात्र शेजारी ठेवते. हे काम आपल्या आधी कुणीतरी केलंय आणि ते करताना काही निर्णय घेतलेत, हे मुलांच्या डोळ्यांसमोर असलं पाहिजे.

असं सोपं करून देणं म्हणजे कागदाशी बेइमानी, असं मानणारे अभ्यासक आहेत. मी त्यांच्या बाजूची नाही. अविशाग राइझमन यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या ५ शाळांमधल्या २३६ विद्यार्थ्यांबरोबर केलेला प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. सहा महिने मुलांना सोपे करून घेतलेले मूळ कागद दिले गेले आणि प्रत्येक तासाला एक प्रश्न सोडवायला दिला गेला. इतिहासाची समज वाढलीच, शिवाय एकंदर वाचनही सुधारलं.

जुना मजकूर जड जाण्याचं दुसरं कारण आधीच्या माहितीचं. १९८८ साली रेश्ट आणि लेस्ली यांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. आमच्या मुलांकडे अशी शिदोरी आहे, फक्त ती तिला शिदोरी समजत नाहीत. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी तळ टाकला, तेच हे लष्कर. इथल्या कंपू या भागाचं नाव कवायती पलटणींच्या कंपूचं, म्हणजे छावणीचं. जिन्सी नाल्याच्या नावात तोफखान्याचा जिन्सी आहे. 'चिटणीस की गोठ' ही इथली वस्ती रोज ओलांडणाऱ्या मुलीला मी विचारलं, "शत्रूच्या गोटात, असं आपण म्हणतो तो गोट कुठला गं?" ती क्षणभर बघत राहिली आणि हसली. त्यानंतर कागदात 'गोटातून निघोन' आलं की तिला अर्थ सांगावा लागत नाही.

तासाभरात आम्ही फार तर दहा ओळी वाचतो. कधी तीनच. पहिल्यांदा फक्त कोण, कुणाला, कधी. दुसऱ्यांदा काय म्हटलंय. तिसऱ्यांदा वाचायचं ते शब्दांसाठी, आणि खरं वाचन मला तिथे झालेलं दिसतं. 'गणती नाही' या दोन शब्दांवर आम्ही वीस मिनिटं होतो. मोती मोजलेत, मोहरा मोजल्यात. मोजले नाहीत ते कोण? ज्या मुलीचं घराणं शिंद्यांच्या फौजेबरोबर इकडे आलं ती म्हणाली, "मावशी, म्हणजे आमच्याकडचे खुर्द्यातच ना?" मी हो म्हणाले.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सराफ्यातल्या मुलानं कागद पुन्हा जवळ ओढला. "लढाई झाली चौदा जानेवारीला, आणि कासीद लगेच निघाला. एवढ्या पळापळीत सत्तावीस हा आकडा सावकाराला दिला कुणी?"

पुढच्या रविवारी आम्ही पानिपतात पडलेल्या सरदारांची नावं मोजणार आहोत.