पत्र्यात पाणी कुठे मुरते?

पन्नास वर्षांपूर्वीची एखादी गाडी विकायला आहे असे कळते, आपण पाहायला जातो आणि पहिल्या नजरेतच तिच्यावर जीव जडतो. गोल दिवे, क्रोमचा बंपर, बारीक कड्याचे मोठे स्टिअरिंग. मग बॉनेटवर तळहाताएवढा तांबूस डाग दिसतो आणि मन खट्टू होते. मागच्या चाकावरच्या कमानीत रंगाला टाचणीच्या डोक्याएवढे दोन-तीन फोड आलेले असतात, तिकडे मात्र आपण फारसे बघतही नाही. मालकही म्हणतो, "ते काय, वरवरचं आहे. घासून रंग मारला की झालं." खरे तर काळजी करायची ती त्या फोडांची. बॉनेटवरच्या डागाने सहसा गाडी मरत नाही.

हे उलटे का, ते मिठाच्या पाण्याचा एक थेंब सांगतो. केंब्रिज विद्यापीठात युलिक इव्हान्स या शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात गंजाचा जो अभ्यास केला, त्यातला हा प्रयोग कुणालाही करून बघता येतो. पोलादाचा तुकडा पॉलिश पेपरने घासून लखलखीत करायचा, त्यावर मिठाच्या पाण्याचा एक मोठा थेंब ठेवायचा आणि काही तास हात लावायचा नाही. आपला अंदाज असा असतो की जिथे हवा जास्त लागते तिथे, म्हणजे थेंबाच्या कडेला, धातू जास्त झिजेल. होते भलतेच. कडेचा धातू चकचकीत राहतो, झिजतो तो मधला भाग. या दोहोंच्या मध्ये तपकिरी गंजाचे एक कडे तयार होते.

गंजणे म्हणजे एक इवलीशी बॅटरी चालू होणे. एका जागी लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतो. ते इलेक्ट्रॉन धातूमधूनच धावत दुसऱ्या जागी पोहोचतात आणि तिथे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन त्यांना घेतो. मिठामुळे पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून बॅटरी जोरात चालते. थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ असल्याने हवेतला ऑक्सिजन सतत मिळत राहतो, त्यामुळे इलेक्ट्रॉन घेण्याचे काम तिथे होते. मध्यभागी ऑक्सिजन कमी पोहोचतो, आणि धातू देण्याची पाळी त्या भागावर येते. गंजाला ऑक्सिजन लागतोच, पण पत्रा खाल्ला जातो तो ऑक्सिजन कमी असलेल्या जागी.

जुनी गाडी बघताना हे एवढे एक वाक्य लक्षात असले तरी नजर बदलते. गाडीत ऑक्सिजन कमी आणि ओल जास्त अशा जागा कुठे असतात? जिथे पत्र्यावर पत्रा ठेवून ठिपक्याठिपक्यांनी वेल्डिंग केले आहे, त्या दोन थरांच्या फटीत. चाकाच्या कमानीत आतून थापून बसलेल्या चिखलाखाली. दाराच्या तळाशी, पाणी निथळायची भोके बुजली असतील तिथे. काचेभोवतीच्या रबराखाली. गालिच्याखालच्या ओल्या जाजमात. केसासारख्या बारीक फटीत पाणी आपोआप ओढले जाते आणि सहजी वाळत नाही. बॉनेटवरचा डाग उघड्या हवेत असतो, उन्हात वाळतो, आणि साधारण सगळीकडे सारखा, वरवर झिजतो.

त्या फोडांचे म्हणाल तर कमानीची कड म्हणजे दुमडून जोडलेले दोन पत्रे. ओल आतून शिरते आणि बाहेर फोड दिसतो तेव्हा पत्रा पाठीमागून बहुतेक आरपार गेलेला असतो. शिवाय जिथे ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो तिथले पाणी अल्कधर्मी होते, आणि त्याने रंगाची धातूवरची पकड सुटते. गंज मूळ लोखंडापेक्षा जागाही जास्त घेतो. कोरडा ऑक्साइड सुमारे दुप्पट, आणि पाणी धरलेला गंज त्याहूनही फुगलेला. हा फुगवटा जोडातले पत्रे पाचर ठोकल्यासारखे एकमेकांपासून दूर सारतो. फट रुंदावते, आणखी पाणी आत जाते. ॲल्युमिनियमचा ऑक्साइड धातूला घट्ट चिकटून त्याचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र पोपडे होऊन सुटतो आणि खालचा ताजा धातू उघडा पाडतो.

गाडी कुठे आणि कशी राहिली हेही विचारावे. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ अंगावर असेल तर तेवढी आर्द्रताही लागत नाही. त्याच कामासाठी वापरले जाणारे कॅल्शियम क्लोराइड तर ३० टक्क्यांच्या आसपासच हवेतले पाणी ओढून ओले होते. हवा न खेळणाऱ्या प्लास्टिकच्या आवरणाखाली वर्षानुवर्षे जपलेली गाडी उघड्या शेडमधल्या गाडीपेक्षा वाईट निघू शकते, ती याचमुळे.

बांधणीचे वर्षही खूप काही सांगते. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवते, म्हणून जस्ताचा थर दिलेला पत्रा ओरखडा पडला तरी लगेच हार मानत नाही. पोर्शने १९७६च्या मॉडेलपासून ९११ या गाडीच्या कवचाला, म्हणजे पत्र्याच्या बांध्याला, असा पत्रा वापरला, ऑडी १००ला तो १९८५च्या सुमारास मिळाला. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांच्या पोकळ भागांत नीट रंगही पोहोचलेला नसे.

आता मुख्य प्रश्न. गंज कोणत्या भागाला लागला आहे? स्वतंत्र चासी, म्हणजे खालचा वेगळा सांगाडा, असलेल्या गाडीत वजन चासी पेलते. पण १९२२च्या लान्सिया लॅम्डापासून हळूहळू रुळलेल्या पद्धतीत चासी वेगळी नसतेच, पत्र्याचे कवचच सगळा भार घेते. अशा गाडीत दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पोकळ पेटी, म्हणजे सिल, हा तिचा कणा. बोल्टवर बसवलेले बॉनेट, दार किंवा डिकीचे झाकण बदलता येते. सिल, सस्पेन्शन जिथे बसते ते कोपरे, सीटबेल्टचे बोल्ट ज्यात रुततात तो पत्रा, यांची गोष्ट वेगळी. हे पत्रे जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे असतात, आणि सपाट पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. जाडी निम्मी झाली की तो आठवा हिस्सा उरतो. १९८०मध्ये ब्रिटनमध्ये लान्सिया बीटाची, इंजिन पेलणारी सबफ्रेम गंजते हे उघड झाले आणि कंपनीला अनेक गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. गंज किती आहे यापेक्षा तो कुठे आहे यावर सगळे ठरते.

मी एकदा अशाच एका गाडीची सिल तपासत होतो. मालकाची परवानगी घेऊन स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पुढून मागे हलके ठोकत गेलो. टण्, टण्, टण्, आणि मागच्या चाकाच्या वीतभर आधी एकदम थप्प. रंग तिथे आरशासारखा होता. रुमालात गुंडाळलेले चुंबक धरले तर ते घसरून खाली पडले. टोकाने दाबल्यावर लांबीचा, म्हणजे खड्डे बुजवायच्या पुटीचा, जाड थर ढलपीसारखा निघाला, त्यामागे फायबरची जाळी, आणि जाळीमागे काहीच नाही. बोट आत गेले आणि ओलसर तपकिरी पोपडे हातात आले. ती गाडी मी घेतली नाही. तिची आठवण अजून येते.

चुंबकाहून नेमके काम रंगाची जाडी मोजणारे यंत्र करते. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. पुन्हा रंगवलेल्या गाडीत आकडा वाढतो, त्यात वावगे काही नाही. पण एखाद्याच जागी तो हजाराच्या पुढे गेला तर खाली लांबी भरलेली आहे. नुकताच फासलेला काळा डांबरासारखा थरही मला संशयास्पद वाटतो, कारण त्याखाली ओल अडकली असेल तर तोच थर चिखलाचे काम करतो.

गंजावर लावायची रसायने मिळतात. फॉस्फोरिक आम्लाने गंजाचे लोहफॉस्फेट होते, टॅनिक आम्लाने काळसर टॅनेट होते, आणि बॉनेटवरच्या डागावर हे छान चालते. पण गेलेला धातू त्याने परत येत नाही. सिलला खराब पत्रा कापून नवा जोडावाच लागतो, आणि वेल्डिंगच्या आचेने मागच्या बाजूचे संरक्षण जळून जाते. पोकळीत नंतर मेण फवारले नाही, तर जोडाशेजारी गंज पुन्हा सुरू होतो. यात मजुरी इतकी जाते की नाकापेक्षा मोती जड होतो. म्हणून दुर्मीळ गाडी नसेल, तर बंद पडलेले इंजिन पण धड कवच असलेली गाडी मी आधी निवडेन. इंजिन उतरवून टेबलावर ठेवता येते.

सगळे पाहून झाले आणि तरीही मन ओढ घेत असेल, तर शेवटी गाडी एका बाजूने जॅकवर घ्या. खाली मात्र वाकून शिरू नका. उचलण्याआधी दार आणि खांब यांच्यामधली फट बोटाने चाचपून ठेवा, एकदा दार उघडून लावून बघा. चाक जमिनीवरून सुटले की तेच पुन्हा करा. कवच भक्कम असेल तर दार जवळपास पूर्वीसारखेच लागते. सिल आतून गेली असेल तर मधला भाग वाकतो, फट एका टोकाला मिटते आणि दार खांबाला घासायला लागते.