गोलरक्षक आणि पेनल्टी क्षेत्राची सीमारेषा

फुटबॉलच्या नियमांनुसार गोलरक्षकाला चेंडू हाताळण्याची मुभा केवळ स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात, म्हणजे गोलसमोर आखलेल्या आयतात असते. त्याबाहेर हाताच्या वापराबाबत तो इतर खेळाडूंसारखाच ठरतो. १९१२ पूर्वी त्याला आपल्या अर्ध्या मैदानात कोठेही चेंडू हाताळता येत असे. पेनल्टी क्षेत्र गोलखांबांच्या आतील कडेपासून दोन्ही बाजूंना १६.५ मीटर पसरलेले आणि मैदानात तितकेच खोल असते.

सीमारेषा ज्या क्षेत्राची असते, त्या क्षेत्राचाच भाग मानली जाते. त्यामुळे चेंडू पूर्णपणे रेषेपलीकडे जाईपर्यंत, म्हणजे जमिनीवर असो वा हवेत, त्याचा थोडासा भाग जरी रेषेच्या वर असला, तरी तो क्षेत्रातच धरला जातो. येथे गोलरक्षकाचे पाय कोठे आहेत हे पाहायचे नसते, आणि प्रेक्षकांची गल्लत बहुधा याच ठिकाणी होते. बाहेर उभा राहून आत हात घालून चेंडू उचलणारा गोलरक्षक निर्दोष असतो. उलट आत उभा राहून बाहेरचा चेंडू अडवणारा दोषी ठरतो. हातातला चेंडू लाथाडताना धावेच्या ओघात गोलरक्षक स्वतः रेषेपलीकडे गेला तरी हरकत नाही, मात्र चेंडू बाहेर जाण्यापूर्वी हातातून सुटलेला असला पाहिजे. पेनल्टी क्षेत्राला लागून असलेला कमानीसारखा भागही क्षेत्राबाहेरच गणला जातो.

बाहेर चेंडू हाताळल्यास प्रतिस्पर्ध्यांना थेट फ्री किक (जिच्यावरून सरळ गोल करता येतो) मिळते. त्यामुळे आशादायक चढाई रोखली गेली तर पिवळे कार्ड आणि गोलची स्पष्ट संधी हिरावली गेली तर लाल कार्ड दाखवले जाते. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू हातात घेण्यावरील १९९२ ची बंदी ही मात्र वेगळी बाब आहे. ती क्षेत्राच्या आतही लागू असून तिच्या भंगाबद्दल अप्रत्यक्ष फ्री किक (जिच्यावरून सरळ गोल करता येत नाही) दिली जाते.

चित्रफीत पाहून मैदानावरील पंचांना मदत करणारे व्हिडिओ पंच प्रश्न फक्त फ्री किक किंवा पिवळ्या कार्डाचा असेल तर हस्तक्षेप करू शकत नाहीत. इंग्लंडमधील एफए कप स्पर्धेच्या २०२५ च्या अंतिम सामन्यात क्रिस्टल पॅलेसचा गोलरक्षक डीन हेंडरसन याने मँचेस्टर सिटीच्या अर्लिंग हालांडपुढचा चेंडू क्षेत्राबाहेर हाताने ढकलला. पण चेंडू गोलपासून दूर चालला असल्याने व्हिडिओ पंचांनी ती स्पष्ट संधी मानली नाही आणि खेळ तसाच पुढे चालू राहिला. पॅलेसने तो सामना १-० असा जिंकला.